सहा उन्हाळे किरायाचा कूलर, हे गणित कोणी समजावून सांगेल का?

बर्डीकर | ९ एप्रिल २०२५, रात्री १०:४२

मंडळी, काल एक साधा गुणाकार केला तेव्हापासून डोक्यात भुंगा आहे म्हणून इथे टाकतोय, कोणी अर्थशास्त्रवाले असतील तर सांगा.

आमच्याकडे पोळ्या करायला येणाऱ्या ताई टिनाच्या छताखाली राहतात. नागपूरचा एप्रिल तुम्हाला सांगायला नको, दुपारी त्या घरात माणूस बसू शकत नाही आणि रात्री बारापर्यंत टिन निवत नाही. परवा म्हणाल्या यंदाही कूलर किरायाने आणला, सीझनचे २२०० पडले. सहज विचारलं किती वर्षं झाली किरायाने आणता, तर हा सहावा उन्हाळा! सुरुवातीला किराया कमी होता पण धरून चाला अकरा-बारा हजार गेले. तसाच लोकल बॉडीचा नवा कूलर साडेसात-आठ हजारात येतो आणि ताट्या बदलत राहिलं तर पाच-सात वर्षं कुठे जात नाही. म्हणजे दीड कूलरचे पैसे भरून घरात कूलर नाही, जूनमध्ये ठेलेवाला येणार आणि उचलून नेणार.

आता माझं ऐका. मी माझा कूलर घेतला डिसेंबरात. गरज काहीच नव्हती, मिक्सरचं भांडं दुरुस्त करायला गेलो होतो, दुकानदार म्हणे साहेब गोडाऊन रिकामं करायचंय, आत्ता नेला तर बाराशे कमी. नेला. तीन महिने गच्चीवरच्या खोलीत पडून होता, त्यावर आईने पापड वाळवले. ज्याला गरज नाही त्याला स्वस्त आणि ज्याचा जीव चाललाय त्याला महाग, हे काय गौडबंगाल आहे?

बी.कॉम.ला इकॉनॉमिक्सचे दोन पेपर होते, मागणी-पुरवठ्याच्या रेषा काढून काढून पेन्सिली झिजल्या, पण हे कोणी शिकवलं नाही. की शिकवलं आणि मीच त्या दिवशी तर्री-पोहा खायला गेलो होतो?

तर्री_जादा | ९ एप्रिल, रात्री ११:०५

यात अर्थशास्त्र कुठून आलं. हिशोब येत नाही लोकांना, इतकंच. महिन्याला सातशे बाजूला टाकले तर वर्षात कूलर. आमच्या कामवालीकडे माझ्यापेक्षा भारी फोन आहे. आणि दारूचं बोललं की लोकांना राग येतो म्हणून बोलत नाही.

सावनेरची_सून | १० एप्रिल, सकाळी ७:१८

@तर्री_जादा, राग नाही येत, पण हिशोब येत नाही हे मात्र साफ चूक. मी वीस वर्षं बचत गटांचं काम करते. बाजारात भाजीवाली बाई पावणेतीन किलोचे पैसे तोंडी सांगते, तोवर आपण खिशातून मोबाईलच काढत असतो.

फोनचं म्हणाल तर तो बिनव्याजी हप्त्यावर मिळतो, कंपनीच मागे लागते घ्या घ्या म्हणून. लोकल कूलरवाल्याकडे हप्ता नाही, रोख टाका आणि उचला. शिवाय कामाचा निरोप त्या फोनवरच येतो, कूलरवर येत नाही.

आणि महिन्याला सातशे बाजूला टाका म्हणता ते टाकायचे कुठे? डब्यात ठेवले तर घरातल्या पहिल्या तापापर्यंत टिकतात. दिराचा अपघात झाला, नणंदेच्या पोराची फी राहिली, मागायला आले की नाही म्हणता येत नाही, कारण उद्या आपल्याला लागले तर त्यांच्याच दारात जायचंय. लग्नात ऐपतीबाहेर आहेर करतात म्हणून आपण नावं ठेवतो ना, तोही त्यातलाच भाग. तो त्यांचा विमा आहे हो, फक्त पॉलिसीचा कागद नाही आणि हप्ता कधी मागतील ते सांगून येत नाही.

म्हणून बाया भिशी लावतात. तिच्यात व्याज मिळत नाही, बोलीची भिशी असेल तर उलट कमीच पैसे हातात येतात, मग का लावतात? कारण भिशी हे देणं असतं. नवऱ्याला, दिराला तोंडावर सांगता येतं, नाही हो भाऊजी, उद्या भिशी भरायचीय. शिल्लक असलेले पैसे घर खाऊन टाकतं, देणं असलेले पैसे वाचतात. हे मला कुठल्या पुस्तकातून नाही कळलं, आमच्या गटातल्या एका आजीने सांगितलं.

दारूचं: पिणारे पितात, घरं बुडतात, मी डोळ्याने पाहिलीयत. पण न पिणाऱ्यांच्या घरीही कूलर किरायाचाच आहे, त्यामुळे तेवढ्या एका कारणावर सगळं ढकलून झोपता येत नाही.

धरमपेठ_हिशोबनीस | १० एप्रिल, दुपारी १:३०

व्यवसायाने सीए, त्यामुळे आकडे सांगतो, भावना तुम्ही बघा.

माझं गृहकर्ज साडेआठ टक्क्यांच्या आसपास आहे, वर्षाला. ताईंनी कूलरसाठी वस्तीतून पैसे उचलले तर शेकडा पाच लागतील, महिन्याला. म्हणजे वर्षाला साठ टक्के, मुद्दल जसंच्या तसं उभं ठेवून नुसतं व्याज भरलं तरी वीस महिन्यांत मुद्दलाएवढं व्याज भरून होतं. एकाच शहरात, दोन किलोमीटरच्या अंतरात, पैशाचा भाव सातपट. कांद्याचा भाव दोन बाजारात सातपट असता तर लोकांनी पोती वाहून आणली असती, पैसा मात्र वाहून येत नाही. का?

याचं उत्तर सावकार दुष्ट आहे एवढंच नाही. गोकुळपेठ बाजारात बसणाऱ्या एक मावशी पहाटे ९०० रुपये उचलतात, कॉटन मार्केटमधून भाजी आणतात, संध्याकाळी १००० परत. तो देणारा माणूस पहाटे हजर असतो, कागद मागत नाही, रात्री स्वतः फिरून वसूल करतो, दहातला एखादा गायबही होतो. बँकेला ९०० रुपयाच्या कर्जासाठी जेवढी कागदपत्रं तेवढीच ९ लाखांच्या कर्जासाठी, आणि मावशी पैसे परत करतील की नाही हे बँकेला कळायची सोय नाही, सावकाराला आहे, तो त्यांच्या बाजूच्या गल्लीत राहतो. एकाला माहिती आहे आणि दुसऱ्याला नाही यामुळे बाजार कसा वाकडा चालतो यावरच्या कामासाठी २००१चं अर्थशास्त्राचं नोबेल दिलं गेलं, अ‍ॅकरलॉफ, स्पेन्स आणि स्टिग्लिट्झ यांना. आणि सावकार हे सगळं ओळखून असतो, बाजूला दुसरा देणारा नाही हे माहीत असल्यामुळे जोखमीपेक्षा बरंच जास्त लावतो, तेही खरंच.

आता गंमत बघा. रोज १०० रुपये व्याज, वर्षात तीनशे दिवस धंदा, म्हणजे ९०० रुपयांच्या भांडवलासाठी ३०,००० व्याज. मावशींनी रोज फक्त दहा रुपये बाजूला ठेवले तर तीन महिन्यांत स्वतःचे ९०० उभे राहतात आणि सावकार कायमचा सुटतो. मी त्यांना हे एकदा सांगितलं सुद्धा. त्या हसल्या आणि माझ्या पिशवीत सांबार, म्हणजे कोथिंबीर, जास्त टाकला.

तर्री_जादा | १० एप्रिल, दुपारी १:४४

हेच तर मी म्हणतोय!! दहा रुपये!

बर्डीकर | १० एप्रिल, दुपारी २:१०

मग सरळ कोणीतरी ते ९०० देऊन का टाकत नाही एकदाचे? मी देतो चला.

धरमपेठ_हिशोबनीस | १० एप्रिल, रात्री ९:२५

@बर्डीकर, हे खरंच करून पाहिलंय लोकांनी. कार्लान, मुल्लाईनाथन आणि रॉथ या संशोधकांनी चेन्नईत आणि फिलिपिन्समध्ये बाजारात बसणाऱ्या विक्रेत्यांचं महागडं कर्ज फेडून दिलं, आणि बहुतेक जण काही आठवड्यांत परत कर्जात. २०१९मध्ये छापून आलंय. सावनेरच्या ताई म्हणतात तेच, हातात रक्कम आली की तिच्यावर आधीपासून दहा जणांचा डोळा असतो आणि एक आजारपण पुरतं. पीएम स्वनिधी या फेरीवाल्यांसाठीच्या सरकारी योजनेत पहिलं कर्ज तेव्हा १०,०००चं मिळायचं, व्याजात ७ टक्के सवलत, मावशींना ते मिळालं होतं. त्यातून घराचं छत झालं. धंदा पुन्हा ९००-१०००वरच चालू आहे. आता छत करणं चूक होतं असं म्हणायची माझी हिंमत नाही.

मानेवाड्याचा_पोट्टा | १० एप्रिल, रात्री १०:५०

भाऊ मी लहानमोठी ठेकेदारी करतो, खरं सांगू का, आमी बी तेच करून राह्यलो जे त्या सावकाराचं चालू हाय. रिंग रोडवर एका चौकात सकाळी मजुरांचा ठिय्या भरते. सात वाजता गेलं तं हेल्पर सहाशे-साडेसहाशे मागते आन् जास्त घासाघीस बी करू देत नाही, त्याले मालूम असते कोनी ना कोनी नेईन. मंग एकेक गाडी येते, चौक खाली होत जाते. दहा-साडेदहाले जे उरते ते चारशेत बी गाडीवर बसते. मानूस तोच, फावडं तेच, घमेलं तेच. काम अर्जंट नसन तं मी साडेदहालेच जातो, खोटं काऊन बोलू. माह्या स्लॅबले दोन घंटे थांबता येते, त्याच्या घरच्या चुलीले नाही येत.

पन उलटं बी होते. जुलैत धानाची रोवणी लागली का भंडारा-गोंदियाकडचे सारे लोकं गावाले पळते. तवा सातले बी मानूस भेटत नाही, बोंबलत फिरा लागते, मागन ते द्या लागते आन् वरून चहा-समोसा बी माह्याकडून. तवा कोनी म्हनत नाही का ठेकेदारावर अन्याय झाला 😄

निवृत्त_मास्तर | ११ एप्रिल, सकाळी ६:०२

ठेकेदार भाऊंनी एका परिच्छेदात आमचा वर्षाचा पोर्शन संपवला. मी तीस वर्षं ज्युनिअर कॉलेजात अर्थशास्त्र शिकवलं, दरवर्षी सांगायचो की मजुरीचा दर मागणी-पुरवठ्याने ठरतो, पोरं लिहून घ्यायची, मीही पुढच्या पाठाकडे वळायचो. पण साडेदहा वाजता काम तेच आहे, चौकात माणसं उलट कमी झालीयत, तरी दर पडला. का? कारण सौदा करताना दोघांपैकी कोण उठून जाऊ शकतो यावर भाव ठरतो. ज्याच्याकडे 'नाही' म्हणायची सोय आहे त्याच्या बाजूला तराजू झुकतो. जुलैत मजुराकडे रोवणी आहे म्हणून तो 'नाही' म्हणतो, एप्रिलमध्ये त्याच्याकडे काय आहे?

इथे आपल्या महाराष्ट्राचं एक उदाहरण आठवल्याशिवाय राहवत नाही. १९७२चा दुष्काळ. माझ्या लहानपणी सुकडी खाल्लीय आम्ही, आता त्याची चव आठवली तरी अंगावर काटा येतो. त्या काळात वि. स. पागे यांच्या कल्पनेतली रोजगार हमी राज्यात सुरू झाली आणि १९७७ला तिचा कायदा झाला. लोक म्हणतात खड्डे खणायला पैसे दिले. अहो खड्डा बाजूला ठेवा, गावात सरकारी दराने काम मिळेल याची खात्री असली की शेतमालकाकडे किंवा चौकात पडेल त्या भावात जायची सक्ती उरत नाही, म्हणजे जो मजूर त्या कामावर कधी गेलाच नाही त्याचाही भाव वाढतो. ही योजना नीट चालली का, पैसे वेळेवर मिळाले का, ते वेगळं भांडण आहे आणि त्यावर मी तासभर बोलू शकतो, पण सौ. चहाला हाक मारतायत.

अमर्त्य सेन यांनी १९४३च्या बंगालच्या दुष्काळाबद्दल हेच दाखवलं. १९४१च्या मानाने धान्य कमी नव्हतं, तरी लाखो लोक मेले, कारण भाताचा भाव चढला आणि शेतमजुराची मजुरी तिथेच राहिली. बाजारात धान्य होतं, त्याच्या हातात ते घेण्याइतकं काही नव्हतं. एप्रिलमध्ये इतवारीच्या बाजारात कूलर काय कमी असतात?

आणि @तर्री_जादा, दहा रुपयांचं. तामिळनाडूत ऊस शेतकऱ्यांवर एक अभ्यास झाला, २०१३मध्ये प्रसिद्ध झाला. तेच शेतकरी, पीक हातात यायच्या आधी आणि नंतर, दोनदा त्यांना कोडी घातली. आधी पैशाची ओढाताण असताना कमी सुटली, नंतर जास्त. माणूस बदलला नव्हता, डोक्यावरचा ताण बदलला होता. मी स्वतः मुलीच्या लग्नाच्या वर्षी बोर्डाच्या पेपरची बेरीज दोनदा चुकवलीय, त्यामुळे मला पटायला जड गेलं नाही.

काटोल_नाका | ११ एप्रिल, दुपारी १२:१५

मास्तर, ते 'नाही म्हणायची सोय' आमच्या शेतीत बघा या. आमच्या घरी कापूस पण आणि थोडा संत्र्याचा बगीचा पण, दोघांची कहाणी वेगळी.

कापसाला निदान घरात ठेवता येतं. सीतादहीची पूजा झाली, पहिली वेचणी घरात आली, की दिवाळीला कृषी केंद्रवाला उधारी मागायला येतो. बियाणं, खत, फवारणी सगळं जूनपासून त्याच्या वहीत. २०२४-२५च्या हंगामात लांब धाग्याचा हमीभाव क्विंटलला ७५२१ रुपये होता. सीसीआयला, म्हणजे सरकारी कापूस महामंडळाला, द्यायचा तर नोंदणी करा, कापसात ओल १२ टक्क्यांच्या आत पाहिजे, गाडी लावून नंबर धरा, आणि पैसे नंतर खात्यात. गावातला व्यापारी ओल बघत नाही, अंगणातून उचलतो, जागेवर नगद, पण ६८००. आता मला सांगा हमीभाव कागदावर सगळ्यांना सारखाच ना? मग तो मिळाला कोणाला, तर ज्याला तीन आठवडे थांबता आलं त्याला. आमच्या गावात साठ एकरवाले एक काका आहेत, त्यांचा कापूस मार्चपर्यंत खोलीत भरलेला असतो. त्यांचा अंदाजही चुकतो, एखाद्या वर्षी भाव वर जायच्या ऐवजी खाली येतो, पण त्यांची चूक त्यांना झेपते.

संत्र्याचं तर काय विचारता, फळ थांबतच नाही. आंबिया बहाराचा माल झाडावर तयार झाला की काळ सुरू. म्हणून बरेच जण झाडावरच बगीचा व्यापाऱ्याला देऊन टाकतात, इसार घेऊन. गारपीट झाली तर व्यापारी उरलेल्या रकमेला हात लावू देत नाही, भाव वाढला तर फायदा त्याचा. बांगलादेशने संत्र्यावरचं आयात शुल्क वाढवलं तर नागपूरच्या कळमना मार्केटात भाव पडतो, ढाक्याच्या ऑफिसातल्या कागदाचा भार काटोलच्या झाडाखाली येऊन पडतो. शुल्क भरतो तिकडचा व्यापारी, पण कापलं जातं आमच्यातून, कारण साखळीत सगळ्यात कमी थांबू शकणारा आम्हीच.

दीक्षाभूमी_रोड | ११ एप्रिल, रात्री ८:४०

चर्चा चांगली चाललीय पण नागपुरात बसून गरिबीवर बोलताय आणि अजून बाबासाहेबांचं नाव आलं नाही, नवल आहे. लोकांना ते घटनेपुरते माहीत, मूळ शिक्षण अर्थशास्त्राचं हे विसरतात. १९१८मध्ये त्यांनी भारतातल्या लहान धारणक्षेत्रांवर निबंध लिहिला. तेव्हा सगळे म्हणत होते जमिनीचे तुकडे झालेत म्हणून शेती गरीब, तुकडे जोडा. त्यांनी उलटं विचारलं, की तुकडा लहान की मोठा हे नुसतं एकरावर ठरत नाही, त्यावर लावायला बैल-अवजार-भांडवल किती आहे यावर ठरतं, आणि खरं दुखणं म्हणजे शेतीवर गरजेपेक्षा जास्त माणसं लटकलीयत ज्यांना दुसरं काम नाही. उपाय काय, तर उद्योग वाढवा, माणसं तिकडे जाऊ द्या, मग शेतीही सुधारेल. काटोलवाल्या भाऊंच्या घरी किती भाऊ त्या बगिच्यावर आहेत विचारा.

दुसरी गोष्ट, ठिय्यावर साडेदहापर्यंत कोण उरतं हे ठेकेदार भाऊंनी नाही सांगितलं. सगळे सारखे नसतात. ज्याचा मामा मिस्त्री आहे त्याला चौकात यावंच लागत नाही, फोन येतो. ओळख हे भांडवल आहे आणि ते कोणाच्या घरात पिढ्यान्पिढ्या साठलं आणि कोणाला शिवू दिलं नाही हे आपल्या सगळ्यांना माहीत आहे. माझ्या वडिलांना किरायाने खोली मिळायला आडनाव सांगितल्यावर चार महिने लागले. त्या चार महिन्यांचा किराया-लॉजिंगचा खर्च कोणत्या मागणी-पुरवठ्यात बसवायचा?

मानेवाड्याचा_पोट्टा | ११ एप्रिल, रात्री ९:०३

बरोबर हाय भाऊ तुमचं. जास्त करून बाया आन् म्हातारे उरते. आन् जे नवे असते, कालच गाडीतून उतरले. हे मी लिवलं नव्हतं.

हिंगणा_शिफ्ट | १२ एप्रिल, पहाटे ५:४५

नाईट शिफ्ट संपवून लिहितोय, चुका माफ करा.

उद्योग वाढवा बरोबर आहे पण उद्योग पण थांबत नाही ना कोणासाठी. एम्प्रेस मिल १ जानेवारी १८७७ला जमशेदजी टाटांनी नागपुरात काढली, मुंबई सोडून इथे का तर कापूस इथे, कोळसा जवळ, रेल्वे १८६७लाच आलेली. शंभराच्या वर वर्षं भोंगा वाजला आणि आता त्या जागी मॉल आहे, मी तिथे पिक्चर बघितलाय. माझे मामा दुसऱ्या एका गिरणीत होते, नाव नाही घेत, ती पण बंद झाली. मामा पंचेचाळीसचे होते तेव्हा, साच्यावर, म्हणजे मागावर, हात असा चालायचा की बघत राहावं, पण ती कला दुसरीकडे कुठेच चालत नव्हती. पेपरात आलं की नागपुरात नवीन नोकऱ्या येतायत, आल्या पण असतील, मामाला नाही आल्या. शेवटी पानठेला टाकला. पंचवीस वर्षं कमावलेलं कौशल्य एका दिवसात शून्य भावाचं झालं, आणि जे देणं बाकी होतं ते मिळायला इतकी वर्षं लागली की मामी गेल्यावर चेक आला.

मी काँट्रॅक्टवर आहे. अकरा महिने, मग एक ब्रेक, मग परत. आयटीआय झालंय, काम पर्मनंटवाल्यासारखंच, पगार अर्ध्याच्या आसपास. मला साठवायला येत नाही असं नाही पण पुढच्या अकरा महिन्यांनी मी असेन की नाही माहीत नाही तर बँक गाडीच्या लोनला पण गॅरंटर मागते. श्रीमंत घरचा कमी पगारावर असला तरी त्याला पुढची दहा वर्षं दिसतात, ते पगारापेक्षा महाग असतं.

झोपतो आता.

तर्री_जादा | १२ एप्रिल, सकाळी ११:२०

सगळे मिळून मलाच धुताय तर माझंही ऐका. माझे वडील ऑटो चालवायचे, स्वतःचा नव्हे, दुसऱ्याचा. आई शिलाई करायची. शेकड्याने एक रुपया कधी उचलला नाही घरात. आम्ही तिघं भावंडं शिकलो, आज ठीक आहोत. मग आम्हाला जे जमलं ते दुसऱ्याला का नाही, एवढंच विचारतोय, उद्धटपणा वाटला असेल तर सॉरी.

सावनेरची_सून | १२ एप्रिल, सकाळी ११:५२

उद्धटपणा नाही, आईवडिलांनी केलं ते मोठंच. एक विचारू? घर कोणाचं होतं तेव्हा?

तर्री_जादा | १२ एप्रिल, दुपारी १२:०१

आजोबांचं. महाल भागात दोन खोल्या.

तर्री_जादा | १२ एप्रिल, दुपारी १२:०९

हो, कळलं तुम्हाला काय म्हणायचंय. किराया नव्हता. आणि आजोबा घरीच असायचे म्हणून आई आम्हाला सोडून गिऱ्हाईकाकडे माप घ्यायला जाऊ शकायची. हे कधी असं मोजलं नव्हतं. तरी मेहनत शून्य असं म्हणू नका, रात्री दोनपर्यंत मशीन चालायची ती मी ऐकलीय.

निवृत्त_मास्तर | १२ एप्रिल, दुपारी ४:३०

मेहनत शून्य कोण म्हणेल. साडेदहा वाजेपर्यंत चौकात उन्हात उभं राहणं हीसुद्धा मेहनतच आहे, तिचे पैसे मात्र कोणी देत नाही.

बर्डीकर | १३ एप्रिल, रात्री १०:१५

सगळं दोनदा वाचलं. माझ्या डोक्यात आता असं बसलंय की माझ्यात आणि ताईंच्यात फरक नुसता पगाराचा नाही, मला थांबता येतं आणि त्यांना येत नाही हा आहे. मी डिसेंबरपर्यंत थांबतो, काटोलचे काका मार्चपर्यंत थांबतात, ठेकेदार साडेदहापर्यंत. ज्याला थांबता येतं तो समोरच्याच्या घाईवर कमावतो, आणि मी तर कमावतोय हे मला माहीतही नव्हतं, वाटायचं आपण हुशार गिऱ्हाईक.

ठरवलंय, दिवाळी झाली की ताईंना कूलरसाठी ६५०० बिनव्याजी द्यायचे, महिन्याला पाचशे पगारातून कापायचे. ऑफ सीझनचा भाव पण मिळेल. कळवतो.

धरमपेठ_हिशोबनीस | १३ एप्रिल, रात्री १०:४०

तेरा महिने, शून्य टक्के. त्यांच्यासाठी याहून स्वस्त पैसा शहरात नाही.

बर्डीकर | २२ नोव्हेंबर २०२५, रात्री ९:५०

धागा वर काढतोय, कळवतो म्हणालो होतो.

दिवाळीनंतर ताईंना सांगितलं, अगदी पाकिटात घालून ठेवले होते पैसे. त्यांनी घेतले नाहीत. आधी वाटलं संकोच असेल म्हणून आईने पण आग्रह केला. मग त्या जे बोलल्या ते जसंच्या तसं लिहितो: "दादा, तुमचे पैसे घेतले तर तेरा महिने तुमचं काम सोडता येत नाही मले. आत्ता समोरच्या बिल्डिंगमधल्या मॅडम दोनशे जास्त देऊन राहिल्या, मी गेली नाही ते माह्या मनानं. मंग मनाचा सवालच नाही राहत."

मी गप्प. आणि मंडळी, लाज वाटते सांगायला, पहिल्यांदा माझ्या डोक्यात काय आलं असेल तर समोरच्या बिल्डिंगमध्ये दोनशे जास्त देतात हे आपल्याला कसं माहीत नव्हतं. पगार वाढवलाय, तीनशे. आईचं म्हणणं आधीच वाढवायला पाहिजे होता.

त्यांची भिशी आहे वस्तीत, वीस बायांची, पाचशेची. नंबर जानेवारीत लागतोय. म्हणाल्या तेव्हा घेईन, तुम्ही फक्त दुकानात सोबत या, बाईमाणूस एकटी दिसली की भाव वेगळा सांगतात.

सावनेरची_सून | २२ नोव्हेंबर, रात्री १०:१२

त्या ताईंना आमच्या गटात लेक्चर द्यायला बोलवा.

निवृत्त_मास्तर | २३ नोव्हेंबर, सकाळी ६:१०

तीस वर्षं शिकवूनही मी बर्डीकरांना पैसे द्याच असंच म्हणालो असतो.

मानेवाड्याचा_पोट्टा | २३ नोव्हेंबर, सकाळी ८:३५

जानेवारीत जासान तं मोटर तांब्याच्या वायंडिंगची हाय का पाहून घेजा भाऊ, अ‍ॅल्युमिनियमवाली दोन सीझनमधी जळते. आन् टाकीचा पत्रा बोटानं दाबून पाहा, दबला तं घेऊ नका. दुकानदार लय गोड बोलन.

काटोल_नाका | २३ नोव्हेंबर, सकाळी ९:००

आणि स्टँड फुकट मागा. डिसेंबर-जानेवारीत देतात.